धाव, बूच आणि दादरा

मराठीत दारूचं कौतुक करायचं झालं तर विशेषण एकच, 'पहिल्या धारेची'. भट्टीच्या नळीतून नुकती पडलेली, घशाला ओरबाडणारी. एखादी शिवी झणझणीत असली की तिलाही आपण पहिल्या धारेची म्हणतो. लोणचं, मुरांबा, गवयाचा गळा आणि राजकारणी माणूस यांचं कौतुक मात्र 'मुरलेला' या शब्दाने होतं. थांबण्यातली चव आपल्याला चांगली ठाऊक आहे. ती आपण कैरीसाठी राखून ठेवली, एवढंच. माझ्या मामेभावाचं हे पुस्तक मुरण्याचं क्रियापद बरणीतून उचलून लाकडी पिंपात नेतं.

प्रस्तावनेसाठी मी तसा गैरसोयीचा माणूस आहे. मी घेत नाही. आयुष्य पनवेलला सुतारकाम शिकवण्यात गेलं. मामेभाऊ पंचवीस वर्षं ऑकलंडला आहे, तिथे घरच्या घरी दारू गाळतो आणि ती ओकच्या पिंपात मुरवतो. फोनवर तो म्हणाला, "दादा, दारूवर लिहिणारे ढिगाने आहेत. मला लाकूड कळणारा माणूस हवाय." त्याचं म्हणणं मला पटलं, कारण पिंपात घातल्यावर दारूचं पुढे काय होतं हा निम्म्याहून अधिक सुतारकीचाच प्रश्न आहे.

आधी कायद्याचं सांगून टाकतो. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःपुरती दारू घरी गाळायला मुभा आहे, विकायला नाही. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि त्याखाली घरात भट्टी लावणं हा सरळ गुन्हा आहे, मग ती कितीही हौसेची असो. म्हणून या पुस्तकात दारू गाळायची कशी यावर एक ओळही नाही. मीच ती पानं काढायला लावली. दुसरी गोष्ट कायद्याहून मोठी आहे. मुरवल्याने विष जात नाही. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं दगावली ती मिथेनॉलने. ते दारूत असेल तर तीन वर्षांनीही ओकच्या पिंपात तितकंच असणार. लाकूड खडबडीतपणा काढतं, मरण काढत नाही.

आता पनवेलबद्दल, कारण या विषयाशी आमच्या गावाचं नातं आहे आणि ते बहुतेक पनवेलकरांच्याही गावी नाही. इम्पीरियल गॅझेटिअर पनवेलच्या उद्योगांविषयी लिहिताना ठळकपणे सांगतो तो एकच धंदा, बैलगाडीची चाकं. बोरघाट उतरून आलेला देशावरचा गाडीवान परत जाताना इथून चाकांची एक जोडी घेऊन जाई. चाकाला लोखंडी धाव कशी चढवतात हे पाहिलेली पिढी आता संपत आली. गोवऱ्यांच्या जाळात कडं लाल करायचं, चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर बसवायचं, घणाने ठोकायचं आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड आकसतं, सांधे कुरकुरत आवळले जातात, आरे तुंब्यात घट्ट बसतात. खिळा नाही, सरस नाही. पिंपाचं तत्त्व याच्याच शेजारचं, फक्त उलटं. पिंपाच्या फळ्या मधे रुंद आणि टोकांना निमुळत्या असतात. पट्टे अरुंद टोकाकडून पोटाकडे ठोकत नेले की फळ्या एकमेकींना चिकटतात, आणि आत द्रव भरला की लाकूड फुगून उरलेली फट बुजवतं. चाकात लोखंड आकसतं, पिंपात लाकूड फुगतं. ज्या गावाला पहिली विद्या येत होती त्याला दुसरी शिकायला अवघड गेली नसती.

आणि दारूही हाताशी होती. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात उरण हे पनवेल तालुक्यातलं गाव म्हणून येतं. पनवेल स्वतः १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होतं, मग कुलाब्यात गेलं. त्या उरणला मोहाची दारू गाळणाऱ्या भट्ट्यांची रांग होती. मालक बहुतेक पारशी. मोहाची फुलं गुजरातेतून येत, दारू मोऱ्याच्या बंदरातून मुंबईला जाई. पारशांच्या आडनावांत हा सगळा व्यापार अजून उभा आहे: दारूवाला, पीठावाला, बाटलीवाला. कूपर हे आडनावही त्यातलंच, कारण कूपर म्हणजे पिंपं बांधणारा. मुंबईतल्या कूपरेज मैदानावर फुटबॉल पाहणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की ते नाव तिथल्या पिंपांच्या कारखान्यावरून पडलं?

म्हणजे सुतार होता, लोहार होता, पिंपवाला होता, दारूचा पूर होता. तरी मुरवलेली मोहाची दारू या किनाऱ्यावर झाली नाही. का झाली नाही, यावर माझा एक तर्क आहे. ब्रिटिश सरकार कर घेई तो भट्टीच्या तोंडाशी, गॅलनवर आणि तीव्रतेवर. कर भरून झाल्यावर पिंपातून जे उडून जाईल ते मालकाच्या खिशातून जाणार. स्कॉटलंडात याच काळात माल सरकारी कुलपाखालच्या गोदामात पडून राही आणि कर भरायचा तो बाहेर काढताना. थांबणाऱ्याला तिथे दंड नव्हता. इथे होता. शिवाय पिणारा कष्टकरी होता, त्याला आजची दारू आज हवी होती. पुढे १८९२ च्या मोहाच्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं नुसती बाळगण्यावरही बंधनं आली. ज्या कातकऱ्या-ठाकरांच्या घरात मोह देवकार्यालाही लागे आणि अन्न म्हणूनही खाल्ला जाई, त्यांना फुलांची टोपली घरात ठेवायचीही चोरी झाली. तिथे वर्षानुवर्षं मुरवत कोण बसणार?

गोव्याची गोष्ट थोडी वेगळी. तिथे काजूची फेणी टिकली, २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण जुने फेणीवाले ती काचेच्या मोठ्या गाराफांवात ठेवतात आणि पाण्यासारखी पारदर्शक असण्यातच तिची प्रतिष्ठा मानतात. मला हे मत आदरणीय वाटतं. प्रत्येक दारूला लाकूड हवंच असं नाही. काजूचा वास हीच जिची कमाई, तिच्यावर ओकचा व्हॅनिला फासून काय मिळवायचं? मामेभावाशी यावर माझा वाद आहे आणि तो पुस्तकभर अधूनमधून दिसेल.

आता ओक. मराठीत ओक म्हटलं की आधी आडनाव आठवतं, झाड नाही. ते साहजिकच आहे. सह्याद्रीत ओकचं झाड उगवत नाही. भारतात ते हिमालयाकडे, कुमाऊं-गढवालचा बांज म्हणून भेटतं. पिंपासाठी वापरतात तो अमेरिकेचा पांढरा ओक किंवा युरोपातल्या दोन जाती. विद्यार्थी नेहमी विचारत, सागच का नको? सागात तेल असतं, त्याचा वास दारू ओढून घेते. आणि ओकमध्ये जे आहे ते सागात नाही. पांढऱ्या ओकच्या गाभ्यातल्या नळ्या झाड जिवंत असतानाच आतून फुग्यांसारख्या वाढीने बंद होतात. त्यामुळे द्रव पाझरत नाही, हवा मात्र अगदी सावकाश ये-जा करते. तांबड्या ओकच्या नळ्या उघड्या राहतात. त्याच्या काठीच्या एका टोकाला तोंड लावून फुंकलं तर दुसरं टोक पाण्यात बुडबुडे सोडतं. असल्या लाकडाचं पिंप म्हणजे चाळणी.

पिंप आतून भाजतात, हे तर फार महत्त्वाचं. उष्णतेने लाकडातली साखर करपून खमंग होते, लिग्निन फुटून व्हॅनिलाचा वास येतो, अमेरिकी ओकमध्ये खोबऱ्यासारखा गंध देणारी द्रव्यंही भरपूर असतात. अगदी आतला कोळशाचा थर गंधकाचा उग्र वास धरून ठेवतो. उरतात टॅनिन, तेच जे कच्च्या सुपारीत जीभ आवळून धरतं. हे सगळं दारूत उतरतं तो पहिला भाग, आणि तो लवकर होतो. दुसरा भाग हवेचा. महिनोन्‌महिने थोडा थोडा प्राणवायू आत येत राहतो, तिखट कडा झिजतात, आम्लं आणि अल्कोहोल जुळून फळांसारखे वास तयार होतात. हा भाग घाईने होत नाही. काचेच्या बरणीत भाजलेल्या ओकचे तुकडे टाकून पंधरा दिवसांत 'मुरवलेली' दारू करणाऱ्यांना पहिला भाग मिळतो, दुसरा नाही. लोणच्यात तिखट-मीठ घालून लगेच वाढावं, तसं ते लागत असणार.

लहान पिंपाची गंमत इथेच आहे. कारखान्यात अमेरिकी पिंप २०० लिटरचं असतं, हौशी माणूस पाच लिटरचं घेतो. भूमितीचा हिशेब केला तर पाच लिटरच्या पिंपात दर लिटरमागे लाकडाचा पृष्ठभाग जवळजवळ साडेतीनपट पडतो. रंग काही आठवड्यांत येतो, लाकडाची चव झपाट्याने चढते, आणि हवेचं काम सुरू व्हायच्या आत दारू कडू फर्निचरसारखी लागायला लागते. म्हणून मामेभाऊ नव्या लहान पिंपात पहिला घाणा थोडेच आठवडे ठेवतो, पुढचा अधिक, तिसरा त्याहून अधिक. हे त्याने चार घाणे फुकट घालवून शिकलेलं आहे.

ऑकलंडचा हिशेब पनवेलला चालणार नाही हे मात्र मी त्याला लिहायलाच लावलं. स्कॉटलंडात पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के उडून जातं, तिकडचे लोक त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. आपल्याकडे दुकानदार त्याला घट म्हणेल. बेंगळुरूची अमृत, जिने २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन विकायला काढली, तिच्याकडे ही घट वर्षाला दहा ते बारा टक्के असल्याचं सांगतात. नुसती उष्णताच नाही, दमटपणाही बघावा लागतो. कोरड्या हवेत पाणी जास्त उडतं आणि दारू चढत जाते. दमट हवेत पाणी राहतं, अल्कोहोल उडतं आणि दारू उतरत जाते. पनवेलला जून ते सप्टेंबर भिंतींना घाम येतो, कपाटाचं दार फुगून अडकतं, चपलांवर बुरशी धरते. वैशाखात तेच दार सैल पडतं. पिंपाची प्रत्येक फळी हे वर्षातून दोनदा करणार, हे धरूनच पुढचं वाचावं.

पुस्तकाचा उत्तम भाग पिंपाच्या जोडसामानाचा आहे आणि त्यासाठीच मी हे लिहायला बसलो. पिंप आणि बूच हे दोन्ही शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आले. बुचासाठी आमच्याकडे स्वतःचा पर्याय होता तो दादरा. लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर झाकण ठेवून वरून स्वच्छ फडकं बांधायचं, सुतळीने आवळायचं. माझी आई दादरा बांधताना बोलत नसे. वर्षाचं लोणचं टिकणार की नाही, हे मिठापेक्षा त्या गाठीवर ठरतं असं तिचं मत होतं. स्कॉटलंडातल्या गोदामांत लाकडी बुचाखाली गोणपाटाचा तुकडा घालून बूच ठोकत, हे वाचलं तेव्हा मला ती गाठ आठवली.

बुचाबद्दल दोन गोष्टी. बुचाचं भोक ज्या फळीत पाडलेलं असतं ती पिंपातली सगळ्यांत दुबळी फळी. बूच हातोड्याने जोरात ठोकलं तर पाचरीचं काम होतं आणि फळी उभी चिरते. हाताने दाबून बसेल, वर एक हलकी थाप, बास. काढताना उपटायचं नाही. भोकाच्या दोन्ही बाजूंना फळीवर लाकडी मोगरीने टपटप मारायचं, थरथरीने बूच स्वतः वर येतं. सिलिकॉनचं बूच मला आधी नाटकी वाटलं होतं, पण आपल्या हवेत ते लाकडी बुचापेक्षा बरं, कारण ते फुगतही नाही, आकसतही नाही. साधं रबर मात्र नको. तीव्र दारू त्यातला वास ओढते.

तोटीबद्दल माझं मत कडक आहे. मुरवायच्या पिंपाला तोटी लावूच नये. तोटी म्हणजे पिंपाच्या तळाशी मुद्दाम पाडलेलं भोक, आणि त्यावर रात्रंदिवस द्रवाचा दाब. नमुना हवा तर वरून, बुचाच्या भोकातून, काचेच्या नळीने काढावा. जाहिरातीतल्या चित्रांत प्रत्येक लहान पिंपाला पुढे सुबक लाकडी तोटी असते. ती भिजलेली असेपर्यंत ठीक. महिनाभर कोणी हात लावला नाही की वाळते, आकसते आणि ठिबकू लागते. लावायचीच हौस असेल तर स्टेनलेस स्टीलची लावा आणि पिंप वाढण्यासाठी वापरा, मुरवण्यासाठी नाही.

पितळेचं मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. मी दारू मुरवत नसलो तरी पाच लिटरचं एक पिंप माझ्याकडे आहे, त्यात उसाचा शिरका ठेवतो. त्याला मी बाजारातून पितळी तोटी आणून बसवली. छान चकाकत होती. काही आठवड्यांनी तिच्या तोंडाशी हिरवट कड आली आणि पहिला पेला धातूसारखा लागला. ताक पितळी भांड्यात कळकतं हे घरातल्या कुठल्याही बाईने सांगितलं असतं. मी सुतार, मला विचारायचं सुचलं नाही. पितळेत बहुतेक वेळा शिसंही असतं. पिंपातली दारू जसजशी मुरते तसतशी तिच्यातली आम्लं वाढतात, त्यामुळे शिरक्याला जे लागू तेच तिलाही. भांड्याला कल्हई करता येते, तोटीच्या आतल्या नळीला कोण करणार?

लोखंडाची गोष्ट आणखी सुंदर आहे, म्हणजे ज्याची दारू गेली त्याला नाही. मामेभावाने पिंपाच्या चकतीवर नावाची पाटी लावायला साधा लोखंडी स्क्रू पिळला आणि त्याचं टोक आत गेलं. दोन महिन्यांनी दारू काळी निघाली, शाईसारखी. खरोखर शाईच होती ती. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस घालून काळी शाई करत. हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोह. ओकच्या टॅनिनला त्याने लोह पुरवलं. पट्टे लोखंडाचे चालतात कारण ते बाहेर असतात, दारूला भेटत नाहीत. पण पनवेलच्या हवेत उघडं लोखंड एका पावसाळ्यात गंजतं, गंज फळीत उतरतो, म्हणून पट्टे जस्ताचा मुलामा दिलेले घ्यावेत आणि वर्षातून एकदा पुसून त्यांच्यावर मेणाचा हात फिरवावा.

गळतीचं प्रकरण वाचताना सुताराला हसू येईल. नवं पिंप गळतंच. लोक घाबरून सरस, एम-सील, काय वाटेल ते फासतात. पिंप गरम पाण्याने भरून दोन-तीन दिवस ठेवावं. लाकूड फुगलं की बहुतेक फटी मिटतात. त्यातूनही एखादा सांधा ओला राहिला तर मधमाशीचं मेण. जुने कारागीर चकती आणि फळ्यांच्या खाचेत पाणकणसाची वाळलेली पात दाबून बसवत. भिजली की ती फुगते. पनवेलच्या खाडीकडे पाणकणीस चिक्कार आहे, आणि ते कापायला कुणाचा परवाना लागत नाही, निदान अजून तरी. पिंप रिकामं ठेवायचं असलं तर ते सुकू द्यायचं नाही. चैत्रात कोरडं पडलेलं पिंप ज्येष्ठात उचललं तर फळ्या पंख्यासारख्या उघडतात.

एक धोक्याची सूचना, ती त्याने तिसऱ्या प्रकरणात दडवली होती, मी इथे आणतो. पिंपात भरतात ती दारू साठ टक्क्यांच्या आसपास तीव्र असते. तिची वाफ जमिनीलगत पसरते आणि ठिणगीने पेटते. बूच काढताना जवळ समई, गॅस, विडी, काही नको. देवघराशेजारची थंड खोली अनेकांना सोयीची वाटेल. नेमकी तीच टाळा.

पुस्तकाच्या शेवटी कोरे तक्ते आहेत, महिन्याचं नाव, पिंपाचं वजन, हवेचा अंदाज, चव. महिने त्याने मराठी घातले आहेत, चैत्र ते फाल्गुन. गंमत अशी की त्याच्या तक्त्यात चैत्रात पानगळ सुरू होते आणि श्रावणात हिवाळा सरत येतो. त्याच्या हट्टाखातर मी शेजारी पनवेलचा रकाना भरायला घेतला, शिरक्याच्या पिंपावरून. वैशाखात वजन भराभर उतरलं, मृगाचा पाऊस लागल्यावर उतरण मंदावली. आता आषाढ आहे. पितळी तोटी काढून भोकात मी ओकची खुंटी ठोकली आहे, वर सिलिकॉनचं बूच आहे, आणि सवयीने त्यावर फडकं बांधलं आहे.